जुन्या ट्रेनर विमानाच्या लँडिंग गिअरमधली लपलेली चीर: कुठे शोधायची आणि कुठे थांबायचं

शिमी डॅम्पर, म्हणजे पुढच्या चाकाची थरथर दाबणारा भाग, नवा बसवला आणि पंधरा दिवसांत नोज व्हीलची थरथर परत आली. सील बदललं, तरी महिन्याभरात ओलिओखाली, म्हणजे तेल-हवेच्या धक्काशोषकाखाली, पुन्हा तेच लाल तेल. एका बाजूचं टायर दुसऱ्याच्या आधी झिजतंय, तेही एकाच कडेला. सपाट फरशीवर उभं केलेलं विमान एका पंखावर कललेलं दिसतंय. टॅक्सी करताना ब्रेक सोडला की 'टक्' असा आवाज येतो आणि तो नेमका कुठून येतो ते कुणालाच सांगता येत नाही. एकच बोल्ट दर तपासणीत सैल सापडतो. जोडाच्या कडेने रंगावर केसासारखी रेघ उमटली आहे, किंवा तिथून गंजाचा लालसर ओघळ खाली आला आहे.

यातलं एखादं लक्षण पहिल्यांदाच दिसलं असेल तर घाबरायचं कारण नाही, बहुतेक वेळा कारण साधंच निघतं. पण तेच लक्षण दुरुस्तीनंतर परत आलं, तर तुम्ही भलताच भाग बदलला आहे असं समजा. मूळ दुखणं अजून विमानाच्या पायातच, म्हणजे लँडिंग गिअरमध्येच आहे, आणि ते धातूच्या थकव्याचं असू शकतं.

मी एकवीस वर्षं नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर लहान विमानांची देखभाल करते आहे. त्यात सेसना १५२ आणि १७२ सगळ्यात जास्त. १५२ चं उत्पादन १९८५ मध्ये थांबलं, म्हणजे यातलं सगळ्यात 'नवं' विमानही आज चाळिशीच्या घरात आहे. या विमानांच्या पायांत मला अनेकदा चिरा सापडल्या आहेत, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्या एकाच प्रकारच्या जागी होत्या: जिथे धातूचा पृष्ठभाग आधी कशाने तरी दुखावला होता. गंजाचा खळगा, पान्याचा ओरखडा, क्लॅम्पखालची घासलेली पट्टी, एखादं जुनं पॉलिश केलेलं ठिकाण. म्हणून चीर शोधायला जाऊ नका, जखम शोधायला जा. चीर सुरुवातीला पाव मिलिमीटरची असते. जखम मात्र उघड्या डोळ्यांनी दिसते.

थकवा म्हणजे काय, थोडक्यात

लहानपणी आपण सगळ्यांनी तार मागेपुढे वाकवून तोडली आहे. एका झटक्यात न तुटणारी तार दहा-वीस वेळा वाकवली की हातात येते. विमानाच्या पायात हेच होतं, फक्त प्रत्येक वाक इतका लहान असतो की डोळ्यांना दिसत नाही आणि संख्या हजारांत जाते. एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या डब्यांचे आस असेच, कुठलाही जादा भार नसताना तुटत होते. जर्मन अभियंता आउगुस्ट व्होलर यांनी वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवून दिलं की भार किती एवढंच पाहून भागत नाही, तो किती वेळा आला हेही मोजावं लागतं.

लँडिंग गिअरचं पोलाद फार मजबूत आणि म्हणूनच ठिसूळपणाकडे झुकलेलं असतं. मोठ्या विमानांत ३००एम नावाचं पोलाद वापरतात, त्यात काही मिलिमीटरची चीरसुद्धा पाय मोडायला पुरते. पंखाच्या पत्र्यात चीर वाढताना दिसते, दोन तपासण्यांमध्ये तिला पकडायला वेळ मिळतो. इथे तो वेळ जवळपास नाहीच. म्हणून मोठ्या विमानांच्या पायांचं आयुष्य लँडिंगच्या संख्येत ठरवलेलं असतं. ती संख्या भरली की भाग कितीही चकाचक दिसो, तो काढायचा.

पहिली तपासणी: लॉगबुक

हिला एक रुपया लागत नाही, आणि सगळ्यात जास्त टाळली जाते ती हीच.

ट्रेनर विमानाच्या लॉगबुकात उड्डाणाचे तास काटेकोर असतात. पायाला मात्र तासांशी काही देणंघेणं नाही, त्याला लँडिंगशी आहे. क्रॉस कंट्रीवर गेलेलं विमान दोन तासांत एकदा उतरतं. सर्किट, म्हणजे विमानतळाभोवती फेऱ्या मारत उतरण्याचा सराव करणारा विद्यार्थी तासाभरात सहा-सात वेळा उतरतो. तासांवर बघितलं तर दोन्ही विमानं सारख्या वयाची, पण पायांच्या वयात बाप-लेकाचा फरक असू शकतो. म्हणून आधी विद्यार्थ्यांच्या उड्डाणनोंदी आणि टेक-लॉग समोर ठेवून लँडिंगचा अंदाजी आकडा काढा. एक दुपार जाते. गेली तर जाऊ द्या.

मग तीन गोष्टी शोधा. एक, जोरात आपटल्याची नोंद, म्हणजे हार्ड लँडिंग. नोंद नसेल तर इन्स्ट्रक्टरांना बसवून, चहा पाजून विचारा. विद्यार्थी ओरडा खाण्याच्या भीतीने सांगत नाहीत आणि कधीकधी इन्स्ट्रक्टरही विसरून जातात. एका १५२ बाबत मी सरळ सांगितलं होतं, "कुणाला काही बोलणार नाही, फक्त तारीख सांगा." तासाभरात तीन तारखा मिळाल्या, कागदावर एकही नव्हती. दोन, तोच बिघाड आधी किती वेळा दुरुस्त झाला आणि दर वेळी काय बदललं. तीन, हा पाय याच विमानाचा आहे की दुसऱ्या विमानावरून काढून बसवलेला. बाहेरून आलेल्या भागाचा जन्मापासूनचा हिशेब नसेल तर त्याचं आयुष्य शून्य धरा. शून्य वापरलेलं म्हणत नाही, शून्य उरलेलं.

नागपूरपुरती एक गोष्ट. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण ३१५ मीटरवर आहे. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की हवा इतकी विरळ होते की वेगमापकात तोच आकडा दिसत असताना विमान जमिनीवर जवळपास सात टक्के जास्त वेगाने टेकतं, आणि चाकांना-ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा तर पंधरा टक्क्यांच्या आसपास वाढते. त्यात दुपारी डांबरावरून उठणारे गरम हवेचे लोट शेवटच्या क्षणी विमान उचलतात आणि सोडून देतात. नवतपाच्या दिवसांतल्या दुपारच्या सर्किटच्या नोंदी मी म्हणूनच वेगळ्या खुणेने लिहून ठेवते.

धुवा, पण धुण्याआधी बघा

हे मी आमच्या हँगरमधल्या एका वयस्क हेल्पर काकांकडून शिकले. नवीन असताना मी विमान आलं की आधी पाइप लावायची. एकदा त्यांनी हात धरला. "ताई, थांबा ना. धुतल्यावर तो सांगन कसा?" घाण ही साक्ष असते. तेलावर धूळ कुठे बसली, ओघळ कुठून निघाला, बोल्टच्या डोक्याभोवती पूड कुठे साचली, हे सगळं एका फवाऱ्यात वाहून जातं.

तर आधी कोरडं बघा. टॉर्च पृष्ठभागावर सरळ मारू नका, अगदी तिरपी, जवळजवळ चिकटवून धरा. तिरप्या उजेडात खळगे आणि ओरखडे सावली टाकतात. दोन रंगांची पूड ओळखायला शिका. पोलाद पोलादावर घासत असेल तर कोकोच्या भुकटीसारखी लालसर तपकिरी, ॲल्युमिनियम घासत असेल तर काळपट राखाडी. कुठलीही पूड दिसली याचा अर्थ तो जोड हलतोय, आणि हलणारा जोड स्वतःचाच पृष्ठभाग खातोय. पुढची चीर बहुतेक तिथेच जन्म घेते.

फोटो काढा, मग साबणाच्या पाण्याने धुवा. तारेचा ब्रश नको. सँडपेपर नको. वाळूचा झोत तर मुळीच नको, कारण त्याने वरचा धातू पसरतो आणि चिरेचं तोंड बुजतं. चीर तिथेच राहते, पण नंतरच्या कुठल्याही पेनिट्रंटला, म्हणजे चिरेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगीत द्रवाला, ती दिसत नाही. अशी 'स्वच्छ' केलेली विमानं माझ्याकडे आली आहेत, आणि त्यांची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

धुतल्यावर मुख्य पायाची वरची फेअरिंग, म्हणजे बाहेरचं आवरण, काढा. ब्रेकच्या नळीचे क्लॅम्प सोडा. चढायची पायरी जिथे पायाला चिकटते ती कड बघा. आपल्याकडे आठ महिने सगळं कोरडं असतं, म्हणून विदर्भात गंज लागत नाही असा एक समज आहे. जूनच्या मध्यात पाऊस सुरू होतो, पाणी क्लॅम्पखाली शिरतं आणि तिथून सुकत नाही. बाहेरचा रंग शाबूत, आत अर्ध्या वितीचा गंजाचा पट्टा. पाय वाकतो तेव्हा सगळ्यात जास्त ताण पृष्ठभागावरच येतो, आणि खळगा असतो तिथे तो आणखी गोळा होतो.

साधी कारणं आधी बाद करा

कललेल्या विमानाचं पहिलं कारण पेट्रोल. फरशी जराशी उतरती असली की एका टाकीतून दुसऱ्या टाकीत इंधन सरकतं आणि पंख खाली जातो. मग टायरमधली हवा. दोन्ही टाक्या सारख्या, हवा मॅन्युअलप्रमाणे, आणि विमान उलट दिशेने तोंड करून उभं केलं तरी तोच पंख खाली, तर मग पायाकडे वळा.

नोज व्हीलच्या थरथरीचंही तसंच. टायरचं संतुलन, ओलिओमधला दाब, डॅम्परमधलं तेल, टॉर्क लिंकच्या (ओलिओचे दोन भाग एकमेकांत फिरू न देणाऱ्या कात्रीसारख्या जोडाच्या) बुशमधली, म्हणजे छिद्रातल्या नळीतली झीज, याच क्रमाने. दहातल्या आठ-नऊ वेळा यातच उत्तर असतं. राहिलेल्या एक-दोन वेळा लोक दुसऱ्यांदा डॅम्पर बदलतात, आणि नेमकं तिथेच चुकतं. डॅम्पर थरथर दाबतो, निर्माण करत नाही. नव्या डॅम्परनेही ती परत आली म्हणजे वर-खाली कुठेतरी जोड ढिला आहे किंवा धातू उघडतो आहे.

मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागीच उचलून नोज व्हील अधांतरी करा. चाक दोन्ही हातांत धरून पुढेमागे, डावीउजवीकडे आणि पिळून हलवा. दुसऱ्या माणसाने प्रत्येक जोडावर बोट ठेवून उभं राहायचं. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला कळते. बुश झिजली असेल तर दोन भाग एकमेकांवर सरकल्याचं जाणवतं. सरकणं जाणवत नाही पण कान, म्हणजे बोल्टचं छिद्र असलेला लगच, किंचित उघडल्यासारखा वाटतो, तर हात थांबवा आणि तो जोड खोला.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका प्रशिक्षण संस्थेचं १५२ आमच्याकडे आलं, चार महिन्यांत दोन डॅम्पर बदललेले. मी खाली बसून टॉर्क लिंकच्या कानावर अंगठा ठेवला आणि हाताखालच्या मुलाला चाक पिळायला सांगितलं. काहीच दिसत नव्हतं. अंगठ्याच्या नखाला मात्र दर पिळ्याबरोबर कागदाच्या जाडीएवढी कड वर आल्यासारखं लागत होतं. तिथला रंग नवा होता, बाकीच्या लिंकपेक्षा एक छटा उजळ. कुणीतरी आधी तिथला ओरखडा घासून त्यावर रंग मारला होता. रंग उतरवून पेनिट्रंट लावलं तर छिद्राच्या कडेपासून निघालेली अकरा मिलिमीटरची चीर. नवा रंग दिसला की मला शंका येते ती तेव्हापासून.

बोल्ट

काढलेला बोल्ट पुसून काचेवर लोळवा. वाकडा असेल तर डुलत जातो. मग दांड्यावर नख फिरवा. पायरी लागली, चमकदार पट्टा दिसला, खळगा दिसला, तर बोल्ट गेला. त्याची चुंबकीय तपासणी करून घ्यायची का, असं पुष्कळ जण विचारतात. माझं मत सरळ आहे: नका करू. प्रमाणित नवा बोल्ट तपासणीच्या खर्चापेक्षा स्वस्त पडतो. कागद असलेला बोल्ट घ्या. बाजारात तशाच दिसणाऱ्या बोल्टांची कमी नाही, आणि डोक्यावरची खूण हा पुरावा नव्हे.

एखादा बोल्ट हातात दोन तुकडे होऊन आलाच, तर तुटलेला भाग उजेडात धरून बघा. थकव्याने तुटलेल्या धातूवर कडेच्या एका बिंदूपासून अर्धगोल रेघा पसरलेल्या दिसतात, नदीच्या उतरत्या पाण्याने वाळूवर सोडलेल्या खुणांसारख्या. तो गुळगुळीत भाग हळूहळू वाढला. उरलेला खडबडीत, दाणेदार भाग शेवटच्या क्षणी एकदम तुटला. गुळगुळीत भाग जितका मोठा तितके दिवस ती चीर तुमच्या नाकाखाली होती.

लाल रेष

जखम सापडली, आता ती नुसती जखम आहे की चीर, हे डाय पेनिट्रंट सांगतं. क्लीनर, लाल पेनिट्रंट आणि पांढरा डेव्हलपर, तीन डब्यांचा संच. काम दिसायला सोपं आहे, म्हणूनच सर्रास चुकीचं होतं.

तत्त्व असं: पातळ लाल द्रव केशाकर्षणाने चिरेत शिरतो, वरचा पुसून टाकायचा, मग पांढरी पूड तो परत बाहेर ओढते. आधी रंग त्या भागासाठी मान्य असलेल्याच रिमूव्हरने उतरवा. आम्लयुक्त रिमूव्हर उच्च ताकदीच्या पोलादाला लागला तर हायड्रोजन आत शिरतो आणि धातू ठिसूळ होतो, म्हणजे चीर शोधता शोधता तुम्हीच नवी पेरता. मग पूर्ण सुकवा. पावसाळ्यात हे 'पूर्ण' फार महत्त्वाचं. चिरेत आधीच पाणी असेल तर पेनिट्रंटला जागाच नाही.

उन्हाळ्यात उलटं संकट. बहुतेक पेनिट्रंट ४ ते ५२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान काम करण्यासाठी असतात. मे महिन्यात दुपारी दीड वाजता बाहेर उभ्या असलेल्या विमानाच्या पायाला हात लावून बघा, लागणारच नाही. पत्र्याच्या हँगरमध्येही फार फरक नसतो. अशा तापलेल्या धातूवर पेनिट्रंट चिरेतच सुकून जातं, डेव्हलपर पांढराशुभ्र राहतो आणि माणूस 'क्लीन' लिहून मोकळा होतो. मी उन्हाळ्यात ही तपासणी पहाटे पाच ते सातमध्ये करते, आदल्या रात्री विमान आत घेऊन. धातूच्या तापमानासाठी साधा संपर्क थर्मामीटर जवळ ठेवा, हवेचं तापमान बघून चालत नाही.

पेनिट्रंट लावल्यावर डब्यावर दिलेला वेळ पूर्ण थांबा, घाई करू नका. पुसताना आधी कोरडं फडकं, मग क्लीनरने जेमतेम ओलावलेलं. क्लीनर थेट भागावर कधीही फवारू नका, चिरेतला लाल रंगही धुऊन निघतो. डेव्हलपरचा थर इतका पातळ हवा की खालचा धातू अंधुक दिसला पाहिजे. जाड थराखाली बारीक चीर गाडली जाते.

आता समोर बसून राहा. पहिली दोन-तीन मिनिटं सगळ्यात जास्त सांगतात. पिटिंग, म्हणजे गंजाचे खळगे, असेल तर लाल ठिपके सुटे सुटे उमटतात. मशीनच्या खुणा फिकट आणि रुंद येतात. चीर मात्र आधी सुईच्या टोकाएवढी, मग बघता बघता एका बाजूला धावते, धारदार, आणि हळूहळू कडांनी फुगते. शंका असेल तर ती जागा क्लीनरच्या कापसाने एकदाच पुसून परत डेव्हलपर मारा. रेष परत आली तर ती खरी.

काहीच आलं नाही तर? पेनिट्रंटला फक्त पृष्ठभागावर उघडणारी चीर कळते. बुशच्या आत, क्रोमच्या थराखाली, बोल्टच्या छिद्राच्या भिंतीत असलेली नाही. आणि लक्षण अजून तसंच असेल तर 'काही सापडलं नाही' याचा अर्थ 'काही नाही' असा होत नाही.

इथून पुढे तुमचं काम नाही

यापुढच्या पद्धती अशा माणसाकडूनच करून घ्या ज्याच्याकडे त्या पद्धतीचं एनडीटी, म्हणजे भाग न तोडता तपासण्याचं, प्रमाणपत्र आहे. मान्यताप्राप्त दुरुस्ती संस्थेत हे लोक असतात, आणि विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पामुळे आता या क्षेत्राची माणसं आपल्या शहरात भेटतात, पूर्वीसारखं प्रत्येक गोष्टीला मुंबईची वाट बघावी लागत नाही. पण त्यांच्याकडे काय मागायचं ते तुम्हाला कळलं पाहिजे.

पोलादाच्या पायासाठी चुंबकीय कणांची तपासणी मागा, पाय विमानावरून काढून. भाग चुंबकित करून त्यावर चमकणारे कण सोडतात, चिरेपाशी चुंबकीय क्षेत्र बाहेर सांडतं आणि अतिनील दिव्याखाली हिरवी रेघ उमटते. क्षेत्राला आडवी असलेली चीर दिसते, समांतर असलेली लपून राहते. म्हणून दोन काटकोनी दिशांनी चुंबकित केलं का, हे विचारा. तपासणी झाल्यावर चुंबकत्व काढलं का, हेही विचारा. नाहीतर पाय लोखंडाचा कीस ओढत राहील आणि होकायंत्रालाही त्रास देऊ शकेल. विजेचे टोकदार प्रॉड टेकवून चुंबकित करू देऊ नका. प्रॉडची ठिणगी जिथे पडते तिथे कडक डाग तयार होतो आणि तोच पुढच्या चिरेचं मूळ बनतो.

चाकांच्या ॲल्युमिनियम हाफसाठी, म्हणजे चाकाच्या दोन अर्ध्या भागांसाठी, एडी करंट: धातूत वीजप्रवाह निर्माण करून चीर शोधायची पद्धत. टायर बसतो त्या गोलाईत चिरा येतात, टायर बदलताना चाक सुटंच असतं, तेव्हाच बघून घ्या. तिथे वेगळा वेळ घालवायची गरज नाही. जाड पिन न काढता एका टोकाकडून बघायची असेल तर अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींची तपासणी.

या प्रत्येक पद्धतीची एक मर्यादा लेखी असते: किती लांबीची चीर ती शंभरातल्या नव्वद वेळा पकडेल. त्याहून लहान चीर सुटू शकते. १९८९ मध्ये अमेरिकेत सू सिटीला कोसळलेल्या डीसी-१० च्या मागच्या इंजिनाच्या पंख्याच्या डिस्कमधली थकव्याची चीर आधीच्या पेनिट्रंट तपासणीत सापडली नव्हती, आणि तपास अहवालाने तपासणाऱ्या माणसांच्या मर्यादांकडे बोट दाखवलं होतं. थकलेल्या माणसाला रात्री अकरा वाजता दिव्याखाली बसवू नका.

पायांच्या ओव्हरहॉलची तारीख पुढे ढकलायची विनंती आली तर एक दाखला सांगा. २८ ऑक्टोबर २०१६ ला फोर्ट लॉडरडेलला उतरलेल्या एका मालवाहू एमडी-१० चा डावा पाय मोडला आणि विमानाला आग लागली. पायात हवा भरायच्या व्हॉल्व्हच्या छिद्रात कॅडमियमचा संरक्षक थर नव्हता, तिथे गंजाचा खळगा पडला, खळग्यातून थकव्याची चीर निघाली. निर्मात्याची शिफारस आठ वर्षांनी ओव्हरहॉल करायची होती, त्या विमान कंपनीची मर्यादा नऊ वर्षांची. आठ वर्षांचा टप्पा ओलांडून गेल्यावर तो पाय मोडला.

ताबडतोब थांबायच्या वेळा

पेनिट्रंटमध्ये रेष आली, कितीही लहान. हार्ड लँडिंगनंतर पायाचा कोन बदललेला दिसला. क्रोमचा पापुद्रा सुटला किंवा क्रोमवर जाळीसारख्या रेघा दिसल्या. गंजाचा खळगा मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा खोल गेला. भागाचे कागद मिळाले नाहीत. यातलं काहीही असेल तर विमान जमिनीवर, लॉगबुकात लाल शाईने नोंद, आणि परवानाधारक एएमईला, म्हणजे विमान देखभाल अभियंत्याला, फोन. 'एक फेरी मारून आणतो, मग बघू' हे वाक्य ऐकून घेऊ नका. बॅच अडली, परीक्षा जवळ आली, तास भरायचे राहिले, हे सगळं मी ऐकलं आहे. प्रशिक्षणाचे तास पुढच्या महिन्यातही भरता येतात. त्या सीटवर अठरा-एकोणीस वर्षांचं पोर बसलेलं असतं, आणि त्याची आई सकाळी त्याला डबा देऊन पाठवते.

आणि चिरेवर घरगुती उपाय नको. वेल्डिंग नको, त्याच्या उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं. गरम करून सरळ करणं नको. चिरेच्या टोकाला छिद्र पाडून ती थांबवायची युक्ती पत्र्यासाठी आहे, पायासाठी नाही. घासून, पॉलिश करून रंग मारणं तर सगळ्यात वाईट, कारण पुढच्या माणसाला कळायची वाटच तुम्ही बंद करता.

भाग तुटलाच असेल तर दोन तुकडे जुळतात का म्हणून एकमेकांत बसवून बघू नका. सगळ्यांचा हात आपोआप तिकडेच जातो. पण तुटीच्या पृष्ठभागावरच्या बारीक रेघा एका स्पर्शाने चिरडल्या जातात, आणि चीर कुठून सुरू झाली ते त्या रेघांवरच लिहिलेलं असतं. घासू नका, धुऊ नका. दोन्ही तुकडे वेगवेगळ्या कोरड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीत सिलिका जेलची पुडी टाका आणि वर विमानाचा नंबर, तारीख, लँडिंगचा आकडा लिहा. तपास पूर्ण झाल्यावर तो भाग करवतीने मधोमध कापा, म्हणजे भंगारातून फिरून तो दुसऱ्या कुठल्या विमानाखाली बसणार नाही. कापतानाचा फोटो लॉगबुकाला जोडून ठेवा.